सतरा वर्षांची शुगर

२८ एप्रिल, सोमवार

उजव्या पायाच्या अंगठ्याच्या हाडात पू झाला आहे. दुजोरा : वाशिमचे सर्जन. एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी पेनाच्या टोकाने दाखवलं. हाडाची कड सरळ हवी तिथे कुरतडल्यासारखी. अंगठा काढावा लागेल, आठवड्याभरात. उशीर केला तर अंगठ्यावर भागणार नाही, हेही त्यांनीच सांगितलं, मी न विचारता.

आधी डोळे मिटायला लावले. टाचणी टोचतो, कुठे टोचली ते सांगा. थोड्या वेळाने मी अंदाजाने म्हणालो, टाच. डोळे उघडले तर टाचणी अजून त्यांच्या खिशाला लावलेली. टोचलीच नव्हती.

शुगर किती वर्षांपासून, त्यांनी विचारलं. सतरा, मी सांगितलं. बोटातून थेंब घेऊन तिथेच तपासलं. शंभराच्या आत. डॉक्टर खूश झाले. कंट्रोल असावा तर असा, म्हणाले, बाकीच्या पेशंटना तुमचं उदाहरण देतो. सुमन शेजारच्या खुर्चीत बसून पदराची कड सरळ करत होती. माझ्याकडे पाहिलं नाही.

परतीच्या एसटीत मंगरूळपीरला तिने खिडकी ओढून घेतली. मग म्हणाली, "उदाहरन देतो म्हने."

२९ एप्रिल

जखम कशी झाली ते नीट लिहून ठेवतो. कुणी विचारलं तर तपशील एकच असावा.

रामनवमीला पोहरादेवीची यात्रा. दरवर्षीप्रमाणे कव्हरेज माझ्याकडे, इंझोरीहून जवळ म्हणून. दुपारी मंदिरासमोरच्या फरशीवर आम्ही सगळे पत्रकार चपला काढून उभे. फरशी तापलेली. बाकीचे एक पाय खाली एक वर, ओल्या पोत्याच्या तुकड्यासाठी ढकलाढकली. मी उभा. पाऊण तास. वहीत लिहीत होतो. एका म्हाताऱ्या बाईने माझे स्थिर पाय पाहिले, वाकून पाया पडली आणि बाजूच्या सुनेलाही वाकायला लावलं. माझ्या घरात कोणाचा फोटो आहे आणि मी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत कितवा असतो, हे त्या बाईला कुठून माहीत असणार. मी मागे सरलो नाही. सरायला हवं होतं. बरं वाटलं, म्हणून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पेपरात फोटो. ओळ : 'तापलेल्या फरशीवर अविचल श्रद्धा'. फोटोत माझा चेहरा नाही, गुडघ्यापासून खाली आहे.

यात्रेच्या संध्याकाळी, परतताना घातलेले मोजे सुमनने काढले तर कातडं मोज्याबरोबर आलं.

३० एप्रिल

ही वही मी पंचवीस वर्षं लिहितो आहे आणि एक शब्द टाळत आलो आहे. आज लिहितो. एचआयव्ही. शुगर नाही. कधीच नव्हती.

झालं ते माझ्याच करणीने. त्यावर इथे लिहिणार नाही. सुमनची तपासणी तेव्हा दोनदा झाली, दोन्ही वेळा काही निघालं नाही. तेव्हापासून ती घरातल्या घरात वेगळ्या गावी राहते.

औषध वाशिमला मिळतं. पण तिथे जिल्हा रुग्णालयाच्या आवारात रोज एक तरी पत्रकार बातमीसाठी उभा असतो आणि प्रत्येकाला मी नावाने ओळखतो. म्हणून अकोला. महिन्यातून एकदा 'पेपरच्या कामाला'. पहिली पाच वर्षं ज्या गोळ्या दिल्या त्यांत एक स्टॅव्ह्युडिन होती. जीव तिने वाचवला, हे खरं. पुढे सरकारनेच ती बंद केली, कारण ती नसा मारते. आधी बोटांच्या टोकांना मुंग्या, मग तळव्यात मिरची चोळल्यासारखी आग, मग काही नाही. एकदा मानोऱ्याच्या बाजारात चपलेशिवाय चालत होतो, मागून एक जण चपला घेऊन धावत आला. पायातून कधी निघाल्या, कळलं नव्हतं.

समुपदेशक ताई दर महिन्याला विचारायच्या, मुंग्या, आग, बधिरपणा? मी दर महिन्याला नाही म्हणायचो. हो म्हटलं असतं तर तपासण्या, नागपूरच्या फेऱ्या, रजा, आणि रजेचं कारण. त्या नाहीच्या चौकटीत खूण करायच्या. एका वर्षात बारा खुणा. लवकर सांगितलं असतं तर गोळी बदलली असती. हे त्यांनी नंतर सांगितलं, अजिबात न रागावता.

पहिल्याच वर्षी लोक विचारायला लागले, असे काय पाय आपटत चालता. मी म्हणालो, शुगर. सोपं होतं. गावात दर चौथ्या घरात आहे.

सुमनने त्याच दिवसापासून माझा चहा बिनसाखरेचा केला. पाहुण्यांसमोर ठीक होतं. पण घरात आम्ही दोघंच असतानाही तसाच. मी एकदा म्हटलं, आता कोण पाहतं आहे? ती म्हणाली, "सवय ऱ्हायली पायजे."

१ मे

झेंडावंदनाची बातमी सकाळीच फोनवरून पाठवली. उत्साहात संपन्न.

दुपारी जऊळक्याला, लेकीकडे, वैशूकडे. ऑपरेशन होईपर्यंत इथेच राहायचं ठरलं. वाशिम जवळ, आणि जावयाचं मेडिकल स्टेशनच्या रस्त्यावर. प्रवीणने घरातली एकुलती कूलरची खोली आमच्यासाठी रिकामी केली. पोरगा भला आहे. माझी भीती नेमकी तीच आहे.

नात पिऊ चार वर्षांची. दारातच तिने विचारलं, आजोबा, पाय भाजला तर रडले का नाही? मी म्हटलं, दुखला नाही. ती म्हणाली, खोटं.

२ मे

प्रवीण लग्न झाल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, दर महिन्याला माझ्या शुगरच्या गोळ्या इंझोरीला पाठवतो. एकदाही चुकला नाही. त्या गोळ्या सुमन शेजारच्या कमलबाईला देते. कमलबाईला खरी शुगर आहे. तिची तब्येत उत्तम.

आज त्याने स्वतः ड्रेसिंग केलं. खाली बसला, माझा पाय मांडीवर घेतला, हातमोजे नाहीत. मी म्हटलं, मोजे घाला. "बाबा, तुमी काय परके हा का?" म्हणाला. मी पुन्हा सांगितलं, इन्फेक्शन होतं. तो हसला. वैशू दारात उभी होती. ती आत गेली, हातमोज्यांचं पाकीट आणून त्याच्यासमोर टाकलं आणि म्हणाली, "घाला म्हन्तेत ना ते. घाला." तिचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. प्रवीणने घातले.

अकोल्याच्या शेवटच्या रिपोर्टात माझ्या रक्तात विषाणू मोजता येण्याइतकाही नाही. माझ्यापासून कोणाला काही होणार नाही. हे मला माहीत आहे. तरी त्याची बोटं जखमेपासून किती लांब आहेत, हेच पाहत होतो.

प्रवीण म्हणाला, ऑपरेशनआधी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी टेस्ट करून घेऊ. मी म्हटलं, कशाला. तो म्हणाला, कशाला म्हणजे? रक्त काढायला माणूस घरी बोलावला होता, तो पाच मिनिटांत आलाच.

३ मे

रिपोर्ट : पाच पॉइंट दोन.

प्रवीण कागद घेऊन पलंगावर बसला. कागदाची मागची बाजूही पाहिली. मग म्हणाला, "बाबा, गोळ्या घेऊनबी इतकं कमी येत नाई. मले वाटते, तुमाले शुगर नवतीच कधी."

सुमन भिंतीकडे पाहत होती. मग त्याला राग आला, माझ्यावर नाही. ज्याने, माझ्या सांगण्याप्रमाणे, सतरा वर्षांपूर्वी निदान केलं त्या अकोल्याच्या डॉक्टरवर. नाव सांगा, म्हणाला. सतरा वर्षं एका माणसाला गोड खाऊ दिलं नाही. तक्रार करतो, वकील लावतो, आणि बाबा, तुम्ही बातमी लावा. आपल्या बातम्या आपणच नाही लावायच्या तर कोणी लावायच्या.

मग आत जाऊन त्याने पेढ्यांचा डबा आणला आणि एक पेढा माझ्या हातात दिला. "खा." सगळ्यांसमोर सतरा वर्षांनी पेढा खाल्ला. सुमन बघत होती.

४ मे

प्रवीण आज दिवसभर एकच विचारत होता : शुगर नाही, तर नसा कशाने मेल्या? दुकानात बसून मोबाइलवर यादी काढली त्याने. दारू, थायरॉइड, जीवनसत्त्वं, मणका. एकेक मला विचारतो आणि खोडतो. यादीत पुढे काय आहे ते मला माहीत आहे. तो अजून वरच्या बाजूला आहे.

सुमनला म्हटलं, उद्या वाशिमला ऑपरेशनआधीच्या रक्ततपासण्या आहेत. त्यात हीही असते. निघणारच. त्यापेक्षा डॉक्टरांना मीच सांगतो. ती म्हणाली, डॉक्टराले सांगा. घरात नाई.

५ मे, सोमवार

सांगितलं. प्रवीण बाहेर गाडी लावत होता तेवढ्या वेळात, चार वाक्यांत. किती वर्षं, कुठली औषधं, आता विषाणू सापडत नाही, पायाचं कारण ती जुनी गोळी.

डॉक्टर चांगले आहेत. ओरडले नाहीत. फक्त खुर्ची थोडी मागे गेली. चाकाची खुर्ची, ती आपोआपही जाते. माझी फाइल त्यांनी मिटवली आणि दोन बोटांनी माझ्याकडे सरकवली. म्हणाले, आधी सांगायचं ना. मग म्हणाले की त्यांच्या ऑपरेशन थिएटरचं निर्जंतुकीकरणाचं मशीन बिघडलं आहे, किती दिवस लागतील सांगता येत नाही, तुम्ही अकोल्याला सरकारीत जा, तिथे अशा केसेसची त्यांना सवय असते.

शेजारच्या खोलीतून एका बाईला स्ट्रेचरवरून थिएटरकडे नेत होते. आम्ही दोघांनीही ते पाहिलं.

मी म्हटलं, नकार लेखी द्याल? कायदा मला पाठ आहे. असा नकार देता येत नाही, यावर मी तीन कॉलमची बातमी केलेली आहे. डॉक्टर म्हणाले, "लेखी देतो. बातमीत पेशंटचं नाव काय टाकाल?"

तीस वर्षं मी लोकांना प्रश्न विचारतो आहे. इतका नेमका प्रश्न मला सुचला नसता.

बाहेर प्रवीणला सांगितलं, मशीन बिघडलं आहे, दहा-बारा दिवस लागतील. त्याने मान हलवली. वाशिममध्ये असंच आहे, म्हणाला.

६ मे

अंगठ्याची कड काळी. दोन बातम्या पाठवल्या. एक परत आली, गावाचं नाव राहिलं होतं.

७ मे

सकाळी प्रवीण दुकानात, सुमन पिऊला घेऊन दळणाला गेलेली. मी भिंतीला धरून स्वयंपाकघरापर्यंत गेलो. वैशूला सांगायचं ठरवून गेलो होतो. सरकारीत भरती व्हायचं तर घरात कोणाला तरी कळायलाच हवं, आणि आधी मुलीला कळावं.

ती ओट्याशी माझा गिलास धूत होती. या घरात माझा गिलास वेगळा आहे. स्टीलचा, बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका. बिनसाखरेचा चहा चुकून दुसऱ्याला जाऊ नये म्हणून, असं ती लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत म्हणाली होती. मला तेव्हा ती पोरीची माया वाटली होती. ती उकळतं पाणी त्या गिलासात ओतत होती. आधी एकदा, मग पुन्हा एकदा.

मी म्हटलं, वैशू, मला एक सांगायचं आहे.

"मले माईत हाये, बाबा."

तिने मागे वळून पाहिलं नाही. बारावीत असताना फॉर्मसाठी माझा फोटो हवा होता. माझ्या प्रेसच्या बॅगेत हात घातला तर पिवळं कार्ड निघालं. गोळ्यांच्या तारखा, खाली अकोल्याच्या उपचार केंद्राचा शिक्का. तिने ते पुन्हा जसंच्या तसं ठेवलं. बारावीत. म्हणजे अकरा वर्षं.

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमी बोलले?"

मी विचारलं, हा गिलास? म्हणाली, शुगरसाठी नाही तो. पहिल्या दिवसापासून नाही. मी तिला सांगायला लागलो की भांड्याने पसरत नाही, हाताने पसरत नाही, एका ताटात जेवून पसरत नाही. तिने थांबवलं.

"माईत हाये. तुमीच लिवलं होतं पेपरात. मी कात्रन ठेवलं हाये. वाचते बी कधी कधी."

"मंग?"

"वाचून भेव जात नाई ना, बाबा."

पिऊ माझ्या मांडीवर आली की दोन मिनिटांत तिला हाक येते. दूध पी, केस विंचर, आजोबा थकले. चार वर्षं. मला वाटायचं, वैशू शिस्तीची आहे.

मग ती वळली आणि हात पुसत, अगदी सावकाश, तिचं म्हणणं सांगितलं. प्रवीणला माहीत नाही. स्थळ आलं तेव्हा त्यांच्याकडच्यांनी घरात काही आजार आहे का विचारलं होतं, आणि तिने शुगर सांगितलं होतं. माझं खोटं तिने आपल्या तोंडाने सांगितलं. आता कळलं तर आधी तिची टेस्ट, मग पिऊची. त्यात काही निघणार नाही, पण टेस्ट झाली हे राहील. तिची सासू गावभर सांगेल. प्रवीण चांगला आहे, पण लपवलं हे तो विसरणार नाही.

"अकोल्याले नेलं तर तो सोडनार नाई तुमाले. केसपेपर वाचन, गोळ्या वाचन. त्याले सगळं वाचता येते."

प्रवीणच्या मामेभावाचं लग्न नांदेडला. पंधरा तारखेला सकाळच्या गाडीने तो जाणार, तीन दिवस. तेवढ्यात अकोल्याला जाऊन यायचं. तो येईपर्यंत पट्टी बांधून घरी.

"आठ दिवस. थांबता येईन ना?"

मी पायाकडे पाहिलं. तिने नाही पाहिलं. थांबतो म्हणालो.

८ मे

सुमनला सांगितलं, वैशूला माहीत आहे. तिला आश्चर्य वाटलं नाही. म्हणजे दोघींना एकमेकींचं माहीत होतं. मी एकटाच तेवढी वर्षं नाटक करत होतो, आणि प्रेक्षक संहिता हातात घेऊन बसले होते.

मी म्हटलं, आठ दिवस थांबणं धोक्याचं आहे. सर्जन म्हणाला होता, आठवड्याभरात. तो आठवडा संपला. तू तिला समजाव.

ती पोळ्यांची कणीक मळत होती. मळतच राहिली.

"मी सतरा वर्सं थांबली. तुमी आठ दिवस थांबा."

१० मे

ताप. प्रवीणने अँटिबायोटिक बदललं, स्वतःच इंजेक्शन दिलं. वाशिमच्या डॉक्टरला फोन करतो म्हणाला, मशीन कुठवर आलं विचारतो. वैशूने त्याच्या हातातला मोबाइल घेतला. एवढ्या मोठ्या डॉक्टराले रोज रोज काय फोन करता, लोक हसतात. बायकोचं ऐकणारा माणूस आहे.

काळेपणा दुसऱ्या बोटाकडे गेला. दुखत नाही. कुठेच काही दुखत नाही. पाय माझा आहे याला पुरावा फक्त डोळ्यांचा.

११ मे

अकोल्याच्या ताईंना फोन केला, सगळे बाहेर असताना. त्यांनी त्यांच्याकडच्या सर्जनशी बोलणं करून दिलं. त्याने फोटो मागवला. पाठवला. त्याचा उलटा फोन पाच मिनिटांत आला : आज या. मी म्हटलं, पंधराला. तो म्हणाला, पंधराला अंगठ्याचा विषय नसेल, पावलाचा असेल. मी म्हटलं, घरची अडचण आहे. तरुण असावा. म्हणाला, काका, लग्नकार्य आहे का घरात?

हो म्हणालो. खोटं नव्हतं.

ताई पुन्हा फोनवर आल्या. विचारलं, मुंग्या, आग, बधिरपणा? आणि स्वतःच थांबल्या. सवय, म्हणाल्या.

१२ मे

पौर्णिमा. वैशूने खीर केली. माझ्या वाटीतही वाढली, साखरेची. वाटी वेगळी होती.

पिऊ खोलीच्या दारापर्यंत आली, नाक धरून उभी राहिली. आजोबा, तुमच्या खोलीत उंदीर मेला आहे. वैशूने तिला ओढून नेलं. थोड्या वेळाने वैशू एकटी आली आणि उदबत्ती लावून गेली. उदबत्तीची राख पडायला तिने खाली बशी ठेवली. बशीला ठिपका नव्हता, हे मी पाहिलं. पाहायला नको होतं.

१३ मे

आज लिहायचं नव्हतं, पण तारीख रिकामी राहू नये.

वैशू दुपारी पलंगापाशी आली. उभीच राहिली. विचारलं, बाबा, पाय गेला तर तुम्ही मला बोल लावाल? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मग मीच लावीन. दारापाशी जाऊन म्हणाली, पण तरी पंधराच.

तिला मी तसंच वाढवलं. तारीख दिली की ती पाळायची. मी स्वतः आयुष्यात एकदाही डेडलाइन चुकवली नाही. मग पायाने थोडी कळ काढायला हरकत नाही, असं तिला वाटत असेल तर कोणाला दोष देऊ. कळ काढायला कळ यावी लागते, एवढाच फरक.

ती गेल्यावर बरंच काही लिहिलं होतं. कापलं. जागा नाही.

१४ मे, बुधवार

सकाळी प्रवीणने ड्रेसिंग सोडलं आणि तसाच बसून राहिला. हातमोजे घातले होते. दोन बोटं पूर्ण काळी, पावलाच्या वरच्या बाजूला लाल रेघ घोट्याकडे चढलेली. त्याने कापसाने थोडं दाबलं, जवळ जाऊन वास घेतला. मग पट्टी सैल बांधून उठला आणि हात धुवायला गेला. खूप वेळ नळ चालू होता.

परत आला तो ठरवून. बॅग कपाटावरून काढून त्याने माझे कपडे भरायला सुरुवात केली. वैशूने विचारलं, हे काय? नांदेडची बॅग तर भरून ठेवली आहे.

"मी नाई जात नांदेडले."

ती म्हणाली, असं कसं, मामा काय म्हणतील, तुमचा मान आहे तिथे. तो म्हणाला, मामाला फोन केला. ती म्हणाली, वाशिमच्या डॉक्टरचं मशीन उद्या-परवा सुरू होईल, मग... तो तिच्यावर पहिल्यांदा चिडला. मशीन चुलीत गेलं. दहा दिवस त्याच्या भरवशावर बसलो आणि त्यात बाबांचा पाय सडला. उद्या सरळ अकोला, मोठ्या दवाखान्यात. गाडी उद्याचीच मिळाली, सांगून आलो आहे. एवढे दिवस मी मूर्खासारखा थांबलो, म्हणाला, मेडिकलवाला असून.

मग माझ्यापाशी बसला. म्हणाला, भिऊ नका, मी सुटी घेतली, दुकान बंद. बरे होईपर्यंत तुमच्यापासून हलत नाही. आणि उघड्या हातांनी त्याने माझा हात धरला.

त्याच्या खांद्यावरून मला वैशू दिसत होती. ती चौकटीला टेकून उभी होती. मान हलवत नव्हती, डोळ्यांनीही काही सांगत नव्हती. सुमन माझ्या कपड्यांच्या घड्या प्रवीणच्या हातात देत होती, एक एक.

संध्याकाळी वैशू एकदाच आत आली. माझ्या पिशवीतून अकोल्याच्या गोळ्यांची बाटली काढली, लेबल नखाने खरवडून काढलं, बाटली परत ठेवली. जाताना म्हणाली, "गोळ्या चुकवू नोका." बास, एवढंच.

उद्या दहाला गाडी. पुढे ड्रायव्हरशेजारी प्रवीण, मागे सुमन आणि मी, पाय तिच्या मांडीवरच्या उशीवर. बाराच्या आसपास अकोला. तिथल्या सर्जनने सांगून ठेवलं आहे : किती कापायचं ते टेबलावर ठरेल, पाऊल की गुडघ्याखाली. त्याआधी केसपेपरच्या खिडकीवर नाव, वय, गाव विचारतील. मग विचारतील, आधीपासून काही आजार, कुठली औषधं चालू. प्रवीण खिडकीपाशी पेन काढून उभा असेल आणि उत्तरासाठी माझ्याकडे वळून पाहील.